घर माणसांनी भरलेलं, तरी “मला कुणीच नाही गं”

प्रश्न असा आला आहे: “माझ्या मोठ्या जाऊबाईंना, वय ४७, डाव्या स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन करून स्तन काढला, केमोचे चार डोस झाले, अजून बाकी आहेत. आमचं एकत्र कुटुंब, घरात नऊ माणसं. दवाखाना, पैसा, खाणंपिणं, कशालाच आम्ही कमी पडू दिलेलं नाही. भेटायला रोज कुणी ना कुणी येतं. तरी त्या रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडतात. परवा मला म्हणाल्या, ‘मला कुणीच नाही गं.’ हे ऐकून घरात सगळ्यांनाच लागलं. आमचं कुठे चुकतंय?”

मी २३ वर्षं कर्करोग रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. त्यातली बरीचशी वर्षं स्तनाच्या कर्करोगाच्या ओपीडीत गेली. जाऊबाईंचं हे वाक्य मी एकट्या राहणाऱ्या बायकांकडून ऐकलंय, तितकंच भरल्या घरातल्या बायकांकडूनही ऐकलंय. तेव्हा घरातल्यांनी ते मनाला लावून घेऊ नये. त्यांनी ते तुम्हाला सांगितलं, म्हणजे निदान तुमच्यापाशी एवढं बोलता येईल असं त्यांना वाटलं. ही जागा जपा. “असं कसं म्हणता, आम्ही एवढं करतोय” असं घरातून कुणी त्यांना ऐकवलं असेल, तर पुढच्या वेळी त्या तुम्हालाही सांगणार नाहीत.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी प्रत्येक बाईला विचारायची, “घरी कोण कोण असतं?” ती नावं सांगायची, मी केस पेपरवर लिहायची: नवरा, दोन मुलं, सासू, दीर, जाऊ, आधार चांगला. पुढे कधीतरी मी प्रश्न बदलला. आता विचारते, “रात्री दोन वाजता जाग आली, छातीत धडधडायला लागलं, तर कुणाला उठवता?” या प्रश्नाला बहुतेक बायका लगेच उत्तर देत नाहीत. पदराशी चाळा करतात. कुणी म्हणते, “कशाला कुणाची झोप मोडायची?” कुणी चौदा वर्षांच्या मुलीचं नाव घेते आणि मला त्या मुलीचीच जास्त काळजी वाटायला लागते. एक बाई म्हणाली होती, “म्हशीजवळ जाऊन बसते.” घरी सात माणसं होती तिच्या. माझ्या कागदावर “आधार चांगला” असं लिहून झालेलं होतं.

घरातली माणसं प्रेमानंच करतात, मग हे होतं कसं? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा १९९६ मधला एक अभ्यास मी नव्या मुलींना शिकवताना नेहमी सांगते. स्तनाच्या कर्करोगाच्या १०२ रुग्ण आणि प्रत्येकीचं जवळचं एक माणूस, यांना त्यांनी निदानानंतर चार महिन्यांनी आणि दहा महिन्यांनी तपासलं. बाईला शारीरिक त्रास जास्त असला की जवळचं माणूस जास्त मदत करत होतं. तिचा मानसिक त्रास जास्त असला की मात्र तेच माणूस हळूहळू मागे सरकत होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ओपीडीतले कितीतरी चेहरे डोळ्यांसमोर आले. ताप आला की सगळं घर पळतं. उलटी झाली की कुणी लिंबू आणतं, कुणी पाठ चोळतं. ती नुसती रडायला लागली की जो तो काहीतरी काम काढून उठतो. यात दुष्टपणा नसतो. तापाला गोळी देता येते, रडण्याला काय द्यायचं ते कुणाला कळत नाही. मग माणूस “रडू नका, पोरांकडे बघा” म्हणतो. ते वाक्य ऐकून ती गप्प होते आणि आपण धीर दिला असं बोलणाऱ्याला वाटतं.

जाऊबाई नळ सोडून रडतात, यावरून मला एवढं नक्की दिसतं की घरात उघड रडायला जागा राहिलेली नाही. त्यांना भीती कशाची वाटते, हे आजवर कुणी विचारलं आहे का? मरणाची असेल. ती नसेल तर मुलीच्या लग्नाची असेल, नवरा दुरावेल याची असेल, आजार परत येईल याची असेल. विचारायचं आणि उत्तर ऐकून घ्यायचं. त्यावर लगेच उपाय सांगायचा नाही. “मला वाटतं मी दिवाळी बघणार नाही” असं त्या म्हणाल्या तर “शुभ बोला” म्हणण्याऐवजी “असं कधीपासून वाटतंय?” एवढंच विचारा आणि थांबा. थांबणं फार अवघड जातं, मलाही जातं. मी टेबलाखाली दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून बसते, म्हणजे मध्ये बोलायचा मोह होत नाही.

आता “सकारात्मक राहा” याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या एका सल्ल्यानं मी खूप बायकांना खचताना पाहिलंय.

१९८९ साली डेव्हिड स्पीगेल या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या ज्या वर्षभर दर आठवड्याला गटात बसून आपली भीती, दुःख, मरणाचा विचार मोकळेपणी बोलल्या, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या. ज्यांना गट मिळाला नव्हता त्या १८.९ महिने. जगभर गाजलं ते. लोकांनी त्याचा अर्थ काढला की मन खंबीर ठेवलं की कर्करोग हरतो. पुढे २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर तशाच गटांचा मोठा अभ्यास झाला. त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मात्र ज्या आधी जास्त त्रासात होत्या त्यांचा मानसिक ताण कमी झाला, वेदनाही कमी जाणवू लागल्या. स्पीगेल यांनी स्वतः २००७ मध्ये पुन्हा करून पाहिलं, तेव्हाही एकंदरीत आयुष्य वाढलं नाही. त्याआधी १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या ५७८ स्त्रियांच्या अभ्यासात ‘लढाऊ वृत्ती’चा आयुर्मानावर काहीच परिणाम आढळला नव्हता. ज्या पूर्ण हताश झाल्या होत्या त्यांच्या बाबतीत मात्र थोडा वाईट परिणाम दिसला होता.

यातून मी दोन गोष्टी घेते. हताशपणा दिसला तर त्याच्यावर उपचार करायचे, तो अंगावर काढायचा नाही. आणि हसरा चेहरा ठेवण्याची सक्ती कुणावर करायची नाही, कारण त्या हसण्यानं गाठ विरघळत नाही. एका बाईचा आजार दोन वर्षांनी यकृतात गेला. रिपोर्ट हातात घेऊन ती पहिलं वाक्य हे बोलली: “मॅडम, मी मन खंबीर ठेवायला कमी पडले का?” केमो तिनं चुकवली नव्हती, एक तारीख चुकवली नव्हती, आणि तरी आजार आपल्या स्वभावामुळे परतला असं तिला वाटत होतं. हे तिच्या डोक्यात तिच्यावर माया करणाऱ्या माणसांनीच घातलं होतं.

ताणामुळे कर्करोग झाला, सासरच्या कटकटीमुळे झाला, मनात साठवून ठेवल्यामुळे झाला, असंही बोललं जातं. ताणामुळे स्तनाचा कर्करोग होतो असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. दृष्ट, मागच्या जन्मीचं कर्म, घट्ट ब्रेसियर, मुका मार, यांतल्या कशानंही तो होत नाही. दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त बायकांमध्ये तो घराण्यातून आलेला जनुकीय दोषही नसतो. हे जाऊबाईंना एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. सासूबाईंनाही बरोबर न्या. आपल्याकडे अपराधीपणाचं बीज पुष्कळदा घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून पडतं, तेव्हा मोठ्यांच्या कानावर हे गेलं तर निम्मं काम होतं.

पाहुण्यांचं सांगते. भेटायला येणं ही आपली चांगली रीत आहे आणि ती तोडा असं मी म्हणणार नाही. पण केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात. त्या आठवड्यात सर्दी-खोकल्याचा एक पाहुणाही महागात पडू शकतो. (ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं, हे घरात सगळ्यांना पाठ असू द्या.) ते दिवस दाराशी सांभाळायचं काम एकाकडे द्या, शक्यतो घरातल्या एखाद्या पुरुषाकडे, म्हणजे वाईटपणा सुनांवर येत नाही. फोनवरच सांगायचं, “डॉक्टरांनी या आठवड्यात भेटी बंद ठेवायला सांगितल्यात, पुढच्या रविवारी या.” जे येतील त्यांच्यातलं कुणी “आमच्या आत्यालाही हेच होतं, सहा महिन्यांत गेली” असं सुरू करायला लागलं, तर तुम्ही विषय बदला. जाऊबाईंना ते जमणार नाही, त्यांना पाहुण्यांचा मान ठेवायचा असतो. आणि पाहुणे गेल्यावर “थकले असाल, पडा” म्हणून तुम्ही कपबशा उचलता तेव्हा त्यांना काय वाटतं, हेही विचारून बघा.

कारण तिथे आणखी एक दुखणं असतं. तुमच्या पत्रात “कशालाच आम्ही कमी पडू दिलेलं नाही” हे वाचताना मला पहिली शंका तीच आली. मोठी सून म्हणजे इतकी वर्षं घरातलं सगळं जिच्या हातून गेलं ती बाई. मीठ किती, मसाला कधी कांडायचा, मानाच्या साड्या कुणाला द्यायच्या. एका ऑपरेशननं तिच्या हातातून हे सगळं निघून गेलं, तेही प्रेमानं काढून घेतलं गेलं, म्हणजे तक्रारही करता येत नाही. कामं सगळी तुम्ही करा, पण निर्णय त्यांना विचारून करा. आज भाजी कोणती, वाणसामान काय आणायचं, हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं. हळदीकुंकवावरून आठवलं, त्यांना स्वतःला त्यातून कुणी वगळत तर नाही ना, ते बघा. टकलावर स्कार्फ बांधून बसलेल्या बाईला कुंकू लावताना बायकांचा हात अडखळतो, तिची ओटी आपोआप राहून जाते. जिची राहून गेली तिला ते वर्षानुवर्षं आठवतं. हा आजार संसर्गजन्य नाही. वेगळं ताट, वेगळा पेला, वेगळं अंथरूण यांची काही गरज नाही. केमोनंतर दोन-तीन दिवस लघवी-उलटी साफ करताना हातमोजे घालायचे आणि संडासात दोनदा पाणी सोडायचं, एवढं पुरतं.

नवऱ्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. माझ्या अनुभवात पत्रातून जे माणूस गायब असतं, ते घरातही पुष्कळदा गच्चीवर किंवा शेतावर असतं. भावजींना कुणी विचारलंय का, ते कसे आहेत? पुरुषाला आपण म्हणतो, “तुम्ही खचलात तर तिनं कुणाकडे बघायचं?” झालं, त्याचंही तोंड बंद. मग तो पैसे, गाडी, फाईल, रिपोर्ट, या कामांत स्वतःला गाडून घेतो आणि रात्री पाठ करून झोपतो. ती समजते, छाती काढली म्हणून याला किळस आली. तो समजतो, हात लावला तर हिला दुखेल. अशी जोडपी मी समोर बसवली आहेत. सहा-सहा महिने कुणी कुणाला स्पर्श केलेला नसतो आणि दोघंही दुसऱ्याच्या काळजीपोटीच लांब राहिलेले असतात. जखम भरली की जवळ झोपायला, मिठी मारायला काही हरकत नसते. संबंधांबद्दल डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला विचारता येतं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही, आम्ही त्यासाठीच बसलोय. हे दिरांशी बोलणं तुम्हाला अवघड जाईल, तुमच्या यजमानांनी भावाशी बोलावं. टाक्यांची जागा जाऊबाईंनी आरशात पाहिली आहे का, हेही हळूच विचारा. खूप बायका महिनोन्महिने अंधारात अंघोळ करतात. ब्लाउजमध्ये घालायचा कृत्रिम स्तन सिलिकॉनचा मिळतो, सुती विणलेला हलकाही मिळतो. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात चौकशी करा, अनेक ठिकाणी तो मोफत किंवा अगदी थोड्या पैशात देतात.

घरात मुलं असतील तर त्यांना खरं सांगा, त्यांच्या वयाला कळेल अशा शब्दांत आणि ‘कर्करोग’ हा शब्द वापरून. न सांगितलं तरी त्यांना समजतंच. मग तीही नळ सोडून रडायला शिकतात.

पैशाचं ओझं बायका बोलून दाखवत नाहीत, पण मनात धरतात: “माझ्यासाठी शेत गहाण पडलं.” महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. रेल्वेनं जात असाल तर उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाचा दाखला लागतो. वाचलेला प्रत्येक रुपया जाऊबाईंना आवर्जून सांगा, त्यांच्या मनावरचा भार तेवढा उतरतो.

आता त्यांच्यासारख्याच बाईबद्दल. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांचा स्तन काढला गेला. हात कसा हलवायचा, ब्लाउजमध्ये काय घालायचं, नवऱ्याशी काय बोलायचं, याचं उत्तर त्यांना कुणाकडेच मिळालं नाही. मग त्या स्वतः रुग्णालयांत जाऊन ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटू लागल्या. ‘रीच टू रिकव्हरी’ ही आज जगभर पसरलेली चळवळ त्यातून उभी राहिली. मुंबईत १९९४ पासून ‘व्ही केअर’ ही संस्था याच वाटेनं काम करते, तिची सुरुवातही कर्करोगातून बरं झालेल्या एका बाईनंच केली. मी तासभर बोलून जे साधत नाही ते केस परत आलेली एक बाई “हात लावून बघ माझ्या केसांना” म्हणून क्षणात साधते. तरी सरसकट प्रत्येकीला गटात बसवू नये, असं माझं मत आहे. अमेरिकेत ३१२ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या गप्पांच्या गटापेक्षा आजाराची नीट माहिती देणाऱ्या गटाचा फायदा जास्त झाला. गप्पांचा गट उपयोगी पडला तो ज्यांना घरून आधार कमी होता त्यांना. ज्यांना घरून भरपूर आधार होता त्यांना त्यानं उलट त्रासच झाला. म्हणून आधी एकाच बाईशी गाठ घालून द्या. त्याच वयाची, तेच ऑपरेशन झालेली, तीन-चार वर्षं चांगली असलेली. तुमच्या तालुक्यातली मिळाली तर उत्तमच, बोली एक असली की गोष्टी लवकर बाहेर येतात.

एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात हमखास येत नाही. केमोबरोबर स्टेरॉइड देतात. त्यानं दोन-तीन रात्री झोप उडते, मन उगाच धावतं, आणि मग एकदम खाली येतं. या वयात केमोनं पाळीही बंद पडते. अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, चिडचिड होते. तेव्हा रडण्याच्या दिवसांची कॅलेंडरवर खूण करा. ते डोसनंतर ठरावीक दिवशीच येतं असं दिसलं तर डॉक्टरांना सांगा, औषधात बदल करता येतो. “स्वभाव बदलला” हा शिक्का त्याआधी कुणी मारू नये.

घरच्यांच्या आवाक्यापलीकडे गेलंय हे ओळखायचं कसं? दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास, कशातच मन नाही, केमोचे दिवस नसतानाही झोप-भूक गेलेली, “मी सगळ्यांना भार झाले” हे पुन्हा पुन्हा येणं, पुढचा डोस नको म्हणणं. आम्ही शून्य ते दहाची एक पट्टी दाखवतो आणि गेल्या आठवड्यातला मानसिक त्रास कितीवर होता ते विचारतो. चार किंवा जास्त असेल तर नीट तपासणी करतो. हे तुम्ही घरीही विचारू शकता. मरून जावंसं वाटतं का, हे स्पष्ट विचारायला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर “हो” आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. १४४१६ या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना कर्करोगाची पूर्ण फाईल न्या. पुढे टॅमॉक्सिफेनची गोळी (आजार परतू नये म्हणून काही जणींना देतात ती) सुरू झाली तर ते ठळक सांगा, कारण पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन यांसारखी नैराश्यावरची काही औषधं टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात. दुसरी चालणारी औषधं आहेत, ती डॉक्टर देतात.

आणि शेवटच्या डोसची तारीख आत्ताच मनात धरून ठेवा. त्या दिवशी पेढे वाटले जातील, पाहुणे थांबतील, तुम्हीही दमलेल्या असाल. माझ्याकडे कितीतरी बायका उपचार संपल्यावर पहिल्यांदा कोसळलेल्या आल्या. तोवर दर तीन आठवड्यांनी डॉक्टर बघत होते, नर्स नावानं हाक मारत होती. मग अचानक “तीन महिन्यांनी या”. पाठ दुखली की वाटतं, हाडात गेलं. तपासणीच्या आधीचा आठवडा झोपेविना जातो. घरचे म्हणतात, “आता बऱ्या झालात ना?” म्हणून तपासणीच्या तारखेआधीच्या आठवड्यात कुणी सोबत झोपायचं, ते ठरवून ठेवा.

आजच्यापुरतं सांगायचं तर नळाचा आवाज आला की दारावर थाप मारू नका. बाहेर पाट टाकून बसा. त्या बाहेर आल्या की “काय झालं” असं विचारू नका. टॉवेल द्या, “मी आहे इथे, झोप येत नाही मला” एवढं म्हणा. पहिल्या दिवशी त्या काहीच बोलणार नाहीत कदाचित. दुसऱ्या दिवशीही बसा. आणि पाचव्या डोसला दिरांऐवजी तुम्ही जा. सलाईन तीन-चार तास चालतं, खुर्च्या शेजारी शेजारी असतात, घरातलं कुणी ऐकायला नसतं. बायका खूपदा तिथेच बोलायला लागतात.